बांधापलीकडचा धूर

गच्चीवरचे कपडे काढायला गेलेल्या पंकजाच्या हातात आला तो सासूबाईंचा पांढरा पदर, सगळा राखेच्या काळ्या ठिपक्यांचा. बांधापलीकडे ऊस तोडून झालेल्या रानात पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, भडाभडा पेटलं होतं. तिने तिथेच उभं राहून फोटो काढला आणि फेसबुकवरच्या ‘गोदाकाठची माती’ या गटावर टाकला. कोपरगावपासून सोनईपर्यंतची माणसं त्या गटात होती. तिने लिहिलं, ‘हवा सगळ्यांची आहे. पाचट जाळणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही?’

भाकरी थापता थापता ती मोबाईलकडे बघत होती. लोक बाजूने लिहीत होते, तिला बरं वाटत होतं. मग कुणीतरी लिहिलं, ‘निळी टाकी दिसतेय. ही तर रामहरीची वस्ती.’

त्यानंतर पाचट बाजूलाच राहिलं. रामहरी, रामहरीची अक्कल, रामहरीची जात. वाघाचं चित्र लावलेल्या एकाने लिहिलं, ‘यालाच पाचटात घालून पेटवा.’

पंकजाने फोटो तेवढा काढून टाकला, खालच्या प्रतिक्रिया तशाच राहिल्या. तोवर तो दुसऱ्या दोन गटांत गेला होता.

“होईल शांत दोन दिवसांत,” नवरा करण म्हणाला. “रामहरी तात्यांकडं कुठं आहे असला मोबाईल?”

पण तिला बसवेना. ताटावरून उठली, अंगण झाडलं, झाडलेलं पुन्हा झाडलं. शेवटी दुपारीच बांध ओलांडून गेली.

रामहरी तात्या ओट्यावर दोरी वळत होते. शेजारी त्यांची बायको भीमाबाई गहू निवडत होती. पंकजाने उभ्यानेच सगळं सांगितलं.

“वाच,” तात्या म्हणाले.

तिने बरी बरी वाक्यं वाचली आणि थांबली.

“का थांबलीस?”

“पुढचं चांगलं नाही, तात्या.”

“माझ्याबद्दलच हाय ना? वाच.”

तिने वाचलं. वाघाचं चित्र लावलेल्याने लिहिलेलं पेटवायचंही वाचलं. भीमाबाईचा हात सुपातच राहिला.

“ह्यो वाघवाला मला वळखतो?”

“नाही.”

“तू तर वळखतीस. मदी एक बांध हाय फकस्त. का न्हाई आलीस?”

“आले असते तर जाळायचं थांबवलं असतं?”

तात्यांनी जरा विचार केला. “न्हाई. भांडलो असतो. पन तुज्याशी भांडलो असतो.”

तात्यांनी दोरी बाजूला टाकली.

“लिही. मी रामहरी. जाळलं मीच. पाचट ठिवलं तर उंदीर हुत्यात, पानी सरीत अडतं. कुट्टी करायचं मशीन येळेवर मिळत न्हाई. कुनाकडं असंल तर सांगा. आन मला पेटवायला यायचं असंल तर दिवसा या. घरीच हाय.”

तिने शब्द न बदलता गटावर टाईप केलं. खाली स्वतःचं एक वाक्य जोडलं, ‘फोटो मी काढला, त्यांना न विचारता.’

काहीजण हसले. कुणी म्हणालं, हे सगळं बनावट आहे. वाघवाला गप्प झाला. मग सोनईच्या गोरक्षनाथ नावाच्या शेतकऱ्याने लिहिलं, ‘एक सरी सोडून एकीत पाचट दाबा. पाणी मोकळ्या सरीतून जातं.’

“त्याला इचार, उंदराचं काय?”

तिने विचारलं. उत्तर आलं. तात्यांना ते पटलं नाही.

“लिही, तुमची जमीन हलकी असंल. आमची काळी हाय.”

पंकजाला घरी जायचं होतं, पण तात्या सोडेनात. “आता काय म्हनतो? आला का जवाब?” ते तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. दिवस कलला तरी त्यांचं आणि गोरक्षनाथचं चालूच होतं.

पुढच्या तोडणीनंतर तात्यांनी बांधाकडच्या तुकड्यातलं पाचट जाळलं नाही, सरीत दाबलं. बाकीचं रान पेटवलंच. पंकजा दिसली की बांधावरूनच ओरडायचे, “उंदीर झाले बरं का! कळव तुज्या सोनईवाल्याला!” ती कळवायची.

भीमाबाई मात्र त्या दुपारपासून तिच्याशी बोलली नाही. पंकजा दोनदा घरी जाऊन आली. भीमाबाईने पाणी दिलं, आणि आत निघून गेली. गटावर पेटत्या रानाचा नवा फोटो आला की पंकजा अजून लिहायला घेते. मग अर्ध्यावरच थांबते, आणि ते कुणाचं रान असेल, हे शोधत बसते.