उपाशी पट्टी

शेंद्र्याच्या कारखान्यांच्या मागं साळूबाईंचं दीड एकराचं बरड शेत आहे आणि माझी पीएचडी त्या शेतात उभी आहे. पीएचडी टेबलावर होते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा दमट उन्हात बाजरीत बसून माती खरवडून बघावी.

शेताच्या मी चार पट्ट्या पाडल्या होत्या. तीन पट्ट्यांत पहिल्याच वर्षी पाझर तलावातला गाळ टाकला, कमी-जास्त मापानं. चौथीत काहीच नाही. तिच्या पिकाशी बाकीच्यांचं पीक ताडून बघायचं आणि गाळाचा जोर किती वर्षं टिकतो ते काढायचं, एवढंच माझं काम. हलकी म्हणून कारखान्यांच्या घशात जाणारी ही जमीन माणसांचं पोट भरू शकते, हे मला दाखवून द्यायचं होतं.

चौथ्या पट्टीला मी ‘कंट्रोल’ म्हणायची. साळूबाई तिला ‘उपाशी’ म्हणत. दर हंगामात विचारत, हिला थोडं दिलं तर काय बिघडंल? मी दर हंगामात बजावायची की मावशी, चिमूटभरसुद्धा नाही. त्या हं म्हणत आणि भाकरीचं फडकं सोडत. बांधावर आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा नेम. मी रोशन गेटच्या घरून पोटभर जेवून आलेय असं शपथेवर सांगितलं तरी भाकरीवर ठेचा पडायचाच.

यंदाचं चौथं वर्ष शेवटचं. साळूबाईंच्या पोरांनी जमीन गोदामवाल्याला विकली होती. दिवाळीनंतर ताबा. माझी शिष्यवृत्तीही मार्चला संपणार होती. म्हणजे हेच पीक मोजायचं. हे हुकलं तर पुढं काही नव्हतं. नेमकं पेरणीच्या सुमाराला अम्मीचं ऑपरेशन निघालं, त्यामुळे मी आले ती थेट बाजरी कणसात आल्यावर.

आले आणि उपाशी पट्टी सापडेना. हद्दीच्या खुंट्या होत्या तिथंच होत्या. पण तिथं दरवर्षी जेमतेम कमरेला लागणारी बाजरी माझ्या डोक्यावरून गेली होती. आधी वाटलं, आपणच भलत्या बाजूनं शिरलो. मग खाली बसून माती उकरली. तांबड्या मुरमात काळा, चिकट गाळ हाताला लागला.

साळूबाई बांधावर गवत कापत होत्या. गाळ कुणी टाकला, असं मी विचारलं.

“मीच की,” त्या म्हणाल्या. आवाजात थोडी ऐटच होती. “उन्हाळ्यात टोपल्यानं वाहिला. गुडघे लई दुखले, पण टाकला.”

माझं वाटोळं झालं मावशी, असं म्हणून मी तिथंच बसले आणि रडत रडत त्यांना सांगितलं की आता ताडून बघायला काहीच राहिलं नाही, चार वर्षं पाण्यात गेली. त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी विळा खाली ठेवला.

“तीन वर्सं तुझा शबूद मोडला नाय,” त्या म्हणाल्या. “पण औंदा तिचं शेवटचं पीक. दिवाळी झाली की तिच्यावर सिमिट पडंल. कायमची चालली ती, पोरी. जाताना उपाशी कशी धाडू?”

मी सरांना फोन लावला. ते माझे मार्गदर्शक, तसा भला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि प्रबंधातलं हे प्रकरण असं टिकणार नाही म्हणाले. मागच्या वर्षीचे आकडे थोडे फिरवून यंदाचे म्हणून लावावेत, असं माझ्या मनात आलं. येऊन गेलं म्हटलं तर खोटं होईल, ते अजून तिथंच बसून आहे. समोर ती पट्टी वाऱ्यावर मस्त डोलत होती. इतकं देखणं पीक मी त्या शेतात पाहिलं नव्हतं आणि त्याचा मला कवडीचा उपयोग नव्हता.

साळूबाईंनी फडकं सोडलं. “दोन घास खाऊन जा,” त्या हळूच म्हणाल्या.

त्या माउलीचा राग आला नाही असं मी म्हणणार नाही. आला. त्यांच्या टोपल्याचा आला, दुखऱ्या गुडघ्यांचा आला, मायेचा सगळ्यात जास्त आला. सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता. भूक नाही म्हणाले आणि पाठ फिरवली.

स्कूटी चालू करताना मागं पाहिलं. त्या हातात भाकरी घेऊन त्या पट्टीच्या कडेला उभ्या होत्या. त्यांच्या बांधावरून उपाशी गेलेली मी पहिलीच.