उजव्या गोलातली खिडकी

मित्रांनो, माझ्यातून पाहण्याआधी माझी ओळख ऐकून घ्या. मी एक जुनी दुर्बीण आहे. मला दोन नळ्या आहेत, दोन्हींत भिंगे आहेत, आणि त्या दोघींचे एकमेकींशी पटत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बाईने माझी भिंगे पुसली आणि दोन्ही नळ्यांतले गोल एकमेकांवर बरोबर बसवले. दोन गोलांचा एक गोल झाला तेव्हा ती स्वतःशीच हसली. चांगल्या दुर्बिणीची हीच खूण. तेव्हा मी चांगली होते.

माझे पहिले मालक एडविन. ते वसईचे. शारजात खालिद लगून या खाऱ्या तळ्याच्या काठी एका हॉटेलात ते कामाला होते. पाहुण्यांना गच्चीवरून बोटी दाखवायला त्यांनी मला घेतले. पाहुणे माझे फार कौतुक करत. मग एकदा कुणाच्या तरी हातून मी फरशीवर पडले. बाहेरून ओरखडाही आला नाही, पण आत उजवी नळी जरा सरकली. तेव्हापासून माझ्यातून एक गोल दिसत नाही, दोन दिसतात. एडविननी मला कपाटात ठेवले आणि विसरून गेले.

इथून कायमचा गावी परतणारा माणूस आपले सामान ओळखीच्यांत वाटून जातो. कुकर एकाकडे, इस्त्री दुसऱ्याकडे. एडविन निघाले तेव्हा मी आबांकडे आले. आबा म्हणजे शारजातल्याच अल मजाज भागातल्या एका टॉवरमध्ये मुलाकडे राहणारे निवृत्त गृहस्थ. लगूनवर फिरताना दोघांची ओळख झाली होती.

मला देताना एडविन म्हणाले, "अंकल, उजव्या बाजूला थोडा घोळ आहे. दोन्ही डोळ्यांनी बघू नका, डोकं दुखेल."

त्यांना घोळ पुरता ठाऊक नव्हता. किंवा असेल.

घरात आबांचा मुलगा दत्तप्रसाद, सून मृणालिनी, चौथीतली नात शुभ्रा आणि आजी. आबा बाल्कनीत बसून माझ्यातून पाणी पाहत. आत चहा झाला की आजी हाक मारत, "अहो, चहा झालाय." आबा हलत नसत. ते गुहागरचे. त्यांच्याकडे समजूत अशी की एका हाकेला ओ देऊ नये. दिसत नाही असे जे काही असते, त्याला दोनदाच हाक मारता येते. तिसरी हाक माणसाचीच.

"मग मी काय तुम्हाला हडळ वाटते का?" आजी विचारत.

"तिसऱ्या हाकेपर्यंत काही सांगता येत नाही," आबा म्हणत, आणि शुभ्रा फिदीफिदी हसे. शेवटी तीच आत ओरडे, "आजी, ही इज कमिंग. झाकून ठेव." मग आजी कपावर बशी उपडी घालत. रोजचा हा खेळ होता.

त्या दिवसांत शुभ्रा मला बाल्कनीतून खाली रोखून धरी. आजी सकाळी लगूनच्या कडेने चालायला जात.

डाव्या गोलात: पाणी, कठडा, खजुराची झाडे, निळ्या साडीतली आजी.

उजव्या गोलात: पाणी, कठडा, खजुराची झाडे.

शुभ्राने भिंग फ्रॉकला पुसले. पुन्हा पाहिले. मग तिने मला खाली ठेवले आणि कुणालाच काही सांगितले नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी आजींनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो." फक्त तेवढीच. आबांनी मला धरलेले हात खाली केले नाहीत. गालातल्या गालात हसत ते दुसऱ्या हाकेची वाट पाहत राहिले. दुसरी आली नाही. दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा ते उठले.

आजी गेल्या, आणि आबा बोलेनासे झाले. चहा समोर आला तर घेत, नाही आला तर मागत नसत. वर्षभराने दत्तप्रसादने सगळ्यांसाठी क्रूझची तिकिटे काढली. बाबांना जरा वेगळे आकाश दिसू दे, असे त्याचे म्हणणे. मला कुणी नेणार नव्हते. शुभ्राने मला आपल्या बॅगेत लपवले.

इटलीच्या किनाऱ्यावरच्या एका चिमुकल्या गावासमोर जहाज थांबले. धक्का लहान होता, म्हणून बोटींतून गावात जायचे होते. सगळे डेकवर जमले. आबा दूरच्या टोकाला खुर्चीत बसले होते. शुभ्राने मला डोळ्यांना लावले.

डाव्या गोलात: खुर्ची, तिच्यात आबा.

उजव्या गोलात: खुर्ची.

ती धावत गेली आणि तिने आबांचा हात धरला. बोटीत धरला, पायऱ्यांवर धरला. मृणालिनीने विचारले, एवढी काय चिकटली आहेस. शुभ्रा म्हणाली, "नथिंग." तिच्या गळ्यात लटकून मी तिचे काळीज ऐकत होते. मित्रांनो, मी लोखंडाची आणि काचेची, पण मलाही भीती वाटली.

गाव सुंदर होते. पिवळी, गुलाबी घरे डोंगराला चिकटलेली, वाळत घातलेले कपडे, मुठीत न मावणारी लिंबे. दत्तप्रसाद 'यल्ला, यल्ला, चला' करत सगळ्यांना फोटोंसाठी उभे करत होता. आबांना चहा हवा होता. वर्षभरात त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी मागितले. दुकानदाराने बोटभर कपात कॉफी दिली.

"हे प्यायचं की डोळ्यांना लावायचं?" आबा म्हणाले, आणि मृणालिनी कितीतरी दिवसांनी मोकळेपणाने हसली. चहा म्हणून मिळाले ते कोमट पाणी आणि त्यात बुडवायची पुडी. आबांनी ते तसेच ठेवले.

दुपारी गाव मिटले. दुकानांची दारे लागली, खिडक्यांच्या हिरव्या झडपा बंद झाल्या. माणूस दिसेना, मांजर दिसेना. दत्तप्रसाद आणि मृणालिनी वरचे चर्च पाहायला गेले. आबांना चढवत नव्हते. शुभ्रा म्हणाली, मीही इथेच थांबते. दोघे एका छोट्या चौकात, वाहत्या नळाच्या दगडी कुंडाशी बसले.

नळ थांबला. कुणी बंद केला नव्हता.

"अहो, चहा झालाय."

आवाज वरून आला. समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावरून.

आबांनी मान वर केली. बराच वेळ ते त्या झडपेकडे पाहत राहिले. "ऐकलंस?" त्यांनी विचारले.

"नो," शुभ्रा म्हणाली. तिने ऐकले होते. तिची पकड इतकी घट्ट झाली की आबांची बोटे पांढरी पडली.

"तिचाच आवाज." आबा उठू लागले.

"आबा, यू ओन्ली सेड. एका हाकेला ओ द्यायची नाही."

आबा खाली बसले. त्यांना हसू आले की रडू, ते मला त्या कोनातून दिसले नाही. "खरंय," ते म्हणाले. "मीच म्हणालो होतो. तेवढ्यावरच बसून राहिलो."

"अहो, चहा."

ही दुसरी. अगदी रोजच्यासारखी, जराशी वैतागलेली.

"आता तिसरी आली तर ती माणसाची," आबा हलक्या आवाजात म्हणाले. "म्हणजे ती आहे. तिसरीला मी जाणार, शुभ्रा. तू इथेच बस. आई-बाबा येतीलच."

शुभ्राने एका हाताने त्यांना धरून ठेवले आणि दुसऱ्या हाताने मला उचलले.

डाव्या गोलात: बंद झडप. तिच्यावर उन्हाने उडालेला रंग.

उजव्या गोलात: उघडी झडप. आत सावली. चौकटीवर आमच्याच घरातला, निळ्या काठाचा कप. कपातून वाफ. आणि कपाशेजारी खिडकीत कोपर टेकून, पाठमोरे,

ते मी सांगत नाही. भिंगाच्या कडेला ते कापले गेले होते.

आबांनी ओ देण्यासाठी तोंड उघडले. शुभ्राने मला सोडले, मी तिच्या छातीवर आदळले. आणि आबांच्या आधी तीच ओरडली, स्वयंपाकघराकडे तोंड करून रोज ओरडायची तशी.

"आजी, ही इज कमिंग लेटर! झाकून ठेव!"

चौक गप्प झाला. तिने मला पुन्हा डोळ्यांना लावले. 

उजव्या गोलात एक हात आला. त्याने बशी उचलली, कपावर उपडी घातली, आणि खिडकीतून मागे गेला.

नळ वाहू लागला.

तिसरी हाक आली नाही. आबा ओंजळीत तोंड धरून बसून राहिले. दत्तप्रसाद-मृणालिनी आले तेव्हा त्यांना वाटले, ऊन लागले. दत्तप्रसादने त्यांना धरून खाली नेले. बोट सुटली, गाव लहान होऊ लागले, तेव्हा आबा किनाऱ्याकडे पाहत अगदी हळू म्हणाले, "ओ."

एवढेच. इंजिनाच्या आवाजात ते कुठपर्यंत गेले असेल, सांगता येत नाही. शुभ्राने मला आबांकडे वळवले.

डाव्या गोलात: आबा.

उजव्या गोलात: आबा.

घरी आल्यावर तिने माझ्या उजव्या भिंगावर जखमेला लावायची चिकटपट्टी लावली आणि मला चपलांच्या कपाटात, सर्वांत मागे ठेवले. आता मला कुणी पुसत नाही. धूळ बसते, पट्टा कडक झाला आहे. मी तक्रार करत नाही. दाराच्या फटीतून मला घर ऐकू येते. मृणालिनी नुसती "बाबा" म्हणते, आणि चहा हा शब्द यायच्या आत आबांची खुर्ची सरकते. शुभ्राही पहिल्या हाकेला उठते. आता या घरात कुणाला दुसरी हाक मारावी लागत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू जपून हाताळा. आम्ही पडलो की आतून काय सरकते, ते बाहेरून कळत नाही. माणसांचेही तसेच असते. दूरचे जरूर पाहा, जहाजे पाहा, परक्या गावांच्या खिडक्या पाहा. पण घरातून कुणी हाक मारली, तर हातातली दुर्बीण आधी खाली ठेवा. आणि कधी या घरी आलात, मी तुमच्या हाती लागले, तर कृपा करून ती चिकटपट्टी काढू नका.

डाव्या गोलात: अंधार, चपला.

उजव्या गोलात: हिरवी खिडकी, उघडी. कपावर बशी. बशीच्या कडेने अजून वाफ येते.