बाईंच्या पियानोची खोड

संगीत शिक्षक संघाचं नाव काढलं की पियानोच्या बाईंचं डोकं सणकायचं. "संघ कसला, विद्यार्थी पळवायचा कारखाना आहे तो!" असं त्या दर वर्षी म्हणायच्या. आणि त्यांच्या नणंदबाई, म्हणजे घरातल्या वन्सं, दर वर्षी शिवणयंत्रावरून मान वर न करता विचारायच्या, "तुम्ही गेला होतात का कधी बघायला?"

गेल्या नव्हत्या. पण राग अगदीच हवेतला नव्हता. मागे बाईंचे दोन हुशार विद्यार्थी एकापाठोपाठ एक वरच्या गल्लीतल्या शिक्षिकेकडे गेले होते. या शिक्षिका पेन्सिलीने लाकडावर ताल धरायच्या, म्हणून सगळी मुलं त्यांना टकटकबाई म्हणत. त्या संघाच्या कार्यवाह. झालं! बाईंनी काय ओळखायचं ते ओळखलं आणि संघाच्या नावावर काट मारली ती कायमची.

आता मात्र खारुताईसाठी त्याच दारात जायची वेळ आली होती.

खारुताई म्हणजे बेकरीवाल्याची धाकटी. पुढचे दोन दात, भिरभिरते डोळे, एका जागी बूड म्हणून टिकायचं नाही. टिकायचं फक्त पियानोसमोर. घरी पियानो नव्हता. शाळेआधी ती बाईंकडे यायची, केसांत पीठ, हातात गरम पावाची पुरचुंडी, आणि दार उघडताच सरळ वाजवायलाच बसायची. बाईंनी उभ्या आयुष्यात खूप मुलं शिकवली. पण सकाळी त्या पोरीचा पहिला सूर आला की चहा गोड लागायचा, हे त्यांनी फक्त वन्संजवळ कबूल केलं होतं.

संघ दर वर्षी एका मुलाला किंवा मुलीला वर्षभर, दर शनिवारी, मोठ्या संगीत विद्यालयात शिकायला पाठवत असे. अट एकच, शिक्षक संघाचा सभासद हवा. खारुताईला ती जागा मिळाली तर तिचं भलं होणार होतं. बाईंना हे लख्ख कळत होतं. आणि ती गेली तर सकाळी घर सुनं होणार, हेही.

"अडला हरी..." वन्सं सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या.

"पुरे! गाढव कोण ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या आणि छत्री उचलून सभासद व्हायला निघाल्या.

संघात एक पद्धत होती. निवडीच्या आधी प्रत्येक विद्यार्थ्याने दुसऱ्या शिक्षकांसमोर वाजवायचं. त्याला ते 'ऐकवण' म्हणत. त्या वेळी मुलाच्या स्वतःच्या शिक्षकाने तिथेच बसायचं, पण अवाक्षर काढायचं नाही. बाईंच्या मते ही शुद्ध छळणूक होती.

वाचनालयाच्या माडीवर, लाकडी खुर्च्यांच्या खोलीत ऐकवण झाली. अध्यक्ष म्हणजे बासरी शिकवणारे एक उंच, मानेने एका बाजूला कललेले काका. त्यांच्या शेजारी टकटकबाई, हातात पेन्सिल. खारुताई वाजवायला बसली आणि असं वाजवलं की बाईंचा ऊर भरून आला. घ्या म्हणावं आता, काढा चुका!

पेन्सिल थांबली होती. "बाळ, पुन्हा वाजव," टकटकबाई म्हणाल्या. पुन्हा झालं. मग तिसऱ्यांदा. मग त्यांनी हळूच विचारलं, "या मधल्या पट्टीआधी तू थबकतेस का गं? आणि मग तिच्यावर एवढा भार का देतेस?"

"कुठे?" खारुताईने विचारलं.

बाईंनाही कळेना. कुठे थबकते? काहीतरी खुसपट काढायचं म्हणून काढायचं! त्यांना राहवेना, नियम गेला खड्ड्यात. "नीट तर वाजवतेय ती!"

"तुम्ही वाजवता का जरा तेवढं?" टकटकबाईंनी विचारलं.

बाई तरातरा जाऊन बसल्या आणि त्यांनी वाजवलं. टकटकबाईंनी आणि अध्यक्षांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढच्या ओळीत त्याच पट्टीशी येताना मात्र त्यांना स्वतःचा हात दिसला. हात जरासा मागे सरला, थांबला, आणि मग बोट असं आदळलं की सूर ढुशी मारल्यासारखा आला. या पियानोची पट्टी तर लोण्यासारखी मऊ होती.

घरच्या पियानोची ती पट्टी कैक वर्षं कुरकुरत होती. तिला आधी जरा वेळ द्यायचा, मग जोर द्यायचा, मग ती बोलायची. बाईंना सवय झाली. पुढे कानालाही झाली. आणि बाईंकडे पाहून पाहून, त्याच पियानोवर वाजवून वाजवून, सगळ्या मुलांना झाली. आपण पोरांना आपल्या पियानोचं दुखणं शिकवत आलो! बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"तुमच्याकडून माझ्याकडे आलेली दोघंही तिथे अशीच थबकायची," टकटकबाई म्हणाल्या. "मला वाटलं, ही तुमची खास शैली. मी आपली गुपचूप माझ्या मुलांनाही शिकवली की हो!"

आधी अध्यक्ष हसले, मग सगळेच. बाईंचे कान तापले. पण अध्यक्ष उभे राहिले आणि आपल्या वाकड्या मानेकडे बोट दाखवून म्हणाले, "माझी मान धरते ना, म्हणून माझी झाडून सगळी पोरं वाकडी उभी राहतात. एका आईने तर पोराला डॉक्टरकडे नेलं होतं." टकटकबाईंच्या पियानोचं पायाखालचं पेडल कण्हतं, म्हणून त्यांचे विद्यार्थी कुठल्याही पियानोवर घाबरत घाबरत पाय टेकवतात, हेही तेव्हाच बाहेर आलं. बाईंना हसू कधी आलं ते कळलंच नाही.

"आणि ती दोघं पळवली नव्हती हं मी," जिन्यावरून उतरताना टकटकबाई हळूच म्हणाल्या. "त्यांनी घरं बदलली. माझी गल्ली जवळ पडली, एवढंच." बाईंनी उगाच छत्री उघडून बघितली.

दुसऱ्या दिवशी संघाने पियानो दुरुस्त करणारे गृहस्थ पाठवले. त्यांनी झाकण काढलं, पट्टी उचलली आणि फटीतून चिमट्याने एक तपकिरी बटण बाहेर काढलं.

"अगंबाई!" वन्सं यंत्र सोडून धावल्या. "हे दादाच्या कोटाचं! याच्यापायी त्या लाँड्रीवाल्याला मी काय काय बोलले, आणि हे मेलं इथे बसलंय!" दादा म्हणजे बाईंचे यजमान. त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली होती. वन्संनी बटण पदराला पुसलं आणि शिवणयंत्राच्या खणात जपून ठेवलं.

पट्टी मोकळी झाली, पण खारुताईचं बोट कुठे मोकळं झालं होतं? बसली की थबकायची, मग ढुशी. पुन्हा बसली की पुन्हा तेच. शेवटी ती रडकुंडीला आली. "बाई, मला नाही जमायचं. माझं नाव काढून टाका."

"जित्याची खोड," दुरुस्तीवाले हत्यारं आवरत म्हणाले. "या खुर्चीवर बसली की बोटांना जुनंच आठवणार. दुसरीकडे वाजवू दे तिला."

टकटकबाईंचा निरोप आलेलाच होता. निवडीपर्यंत मुलीला रोज माझ्याकडे पाठवा, म्हणून. बाईंनी तो ऐकून न ऐकल्यासारखा केला होता. एकदा त्या उंबऱ्यावर गेलेलं पोर परत येतं थोडंच? त्यांनी खारुताईकडे पाहिलं. पोरगी नाकाने सूं सूं करत त्याच पट्टीवर पुन्हा पुन्हा बोट ठेवत होती. माझी माझी म्हणून हिला इथे कोंडून ठेवायचं, आणि माझीच खोड हिच्या गळ्यात बांधायची? हे कसलं प्रेम?

"ऊठ," त्या म्हणाल्या. "चपला घाल."

आणि त्यांनी स्वतः तिचं बोट धरून तिला वरच्या गल्लीत नेलं. टकटकबाईंनी दार उघडलं. "ही माझी खारुताई," बाई म्हणाल्या, आणि तिच्या केसांतलं पीठ झटकत पुढे म्हणाल्या, "हिला भूक फार लागते."

त्या आठवड्यात बाईंचा चहा रोज गार झाला. वन्सं टोमणे मारायच्याही थांबल्या, आता बोला.

निवडीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. बेकरीवाला चक्क इस्त्रीच्या सदऱ्यात आला होता. बाई आणि वन्सं मागच्या रांगेत बसल्या. बाईंचा जीव टांगणीला लागलेला. खारुताई आली, खुर्ची पुढे ओढली आणि वाजवू लागली. बाईंची बोटं आपोआप मांडीवरच्या पिशवीवर तिच्याबरोबर चालू लागली. ती जागा जवळ आली. आणखी जवळ.

बाईंचं बोट पिशवीवर थबकलं.

खारुताईचं थबकलं नाही. सूर आला तो पाण्यासारखा सरळ आला आणि गेलासुद्धा. पोरगी पुढे निघून गेली होती आणि बाईंचं बोट अजून तिथेच अधांतरी होतं. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. वन्संनी आपला रुमाल पुढे केला.

अध्यक्षांनी निकाल वाचला तेव्हा वन्सं टाळ्या वाजवायला उशीर करून बसल्या. खारुताईचं खरं नाव त्यांना ठाऊकच नव्हतं. मग बेकरीवाला खुर्चीवरून उडालेला पाहून त्यांना उमगलं, आणि मग त्यांनी उशिराची सगळी कसर भरून काढली.

खारुताई गर्दीतून वाट काढत आधी बाईंकडेच आली. "बाई, थबकले नाही ना मी?"

"नाही गं बाळ," बाई म्हणाल्या. "मी थबकले. तू गेलीस पुढे."

पोरीला काही ते कळलं नाही. तिने बाईंचा हात धरून विचारलं, "मग उद्या शाळेआधी येऊ ना? शनिवार सोडून बाकीचे दिवस रिकामेच आहेत."