उपाशी पाणी

सगुणा तळ्याकडच्या भातशेतीवाल्यांची लेक, पेणच्या मिठागरावर दिलेली. उद्यापासून माहेरी कीर्तनाचा सप्ताह होता, आणि तिला न्यायला भाऊ धर्माजी येऊन बसला होता. हरिनाम कानी पडणार या आनंदात तिच्या डोईवरची मिठाची टोपली चिखलात पडली.

सासू सोनाबाई गोड हसली. "धू आनि जा, बाय."

सगुणाला वाटलं, देव पावला. तिने टोपली पिण्याच्या पाण्याच्या पिंपात बुडवून खळाखळा हलवली. चिखल गेला, पण मीठही अर्धंच उरलं. सोनाबाई पान चघळत शेवटपर्यंत बघत राहिली.

"अगं, गोडं पानी उपाशी असतं, मीठ दिसलं की खातं. आगरातल्या पान्याचं प्वाट मिठानं आधीच भरलेलं, ते नुसता चिखल नेतं. मीठ त्यातच धुवायचं."

"मग आधी का न्हाय सांगितलंत, आत्याबाय?"

"तू इचारलंस व्हय?" मग ती धर्माजीकडे वळली. "तूट भरायला आगरातल्या ढिगाला हात लावायचा न्हाय. वाफ्यात नवं मीठ धरंल, टोपली भरंल, मग पोर येईल. आठ दिस लागतील."

सप्ताह सात दिवसांचा. धर्माजीने आणलेलं नवं लुगडं बहिणीच्या ओल्या हातात ठेवलं आणि एकट्यानेच वाट धरली.