हैबतीदादांचा कान

महाड-पोलादपूर पट्ट्यात कुणाला जुनी डिझेल गाडी घ्यायची झाली, तर आधी ती हैबती उतेकराला दाखवायची, ही रीत पडून पंधरा वर्षं झाली होती. हैबती स्वतः गाडी घेत नसे, विकत नसे, मध्ये दलालीही खात नसे. महाडच्या एका गॅरेजात तीस वर्षं इंजिनं उघडून झाल्यावर त्यानं पाने ठेवून दिले होते आणि आता तो फक्त सांगत असे. तेही मोजकंच. "घ्या", "नको" किंवा "भंगार". चौथा शब्द त्याच्या तोंडून निघाला, तर गिऱ्हाईक घाबरे.

गाडी बघायची त्याची एक पद्धत होती. पहिल्यांदा तो बॉनेटवर तळहात ठेवी. बॉनेट कोमट लागलं, म्हणजे विकणाऱ्यानं इंजिन आधीच तापवून ठेवलंय. कारण गार इंजिन खोटं बोलत नाही. मग हैबती बाजूला दगडावर बसे आणि इंजिन पार निवेपर्यंत उठत नसे. त्यानंतर ऑइलची पट्टी बाहेर काढून ऑइल दोन बोटांत चोळून बघायचं. इंजिन चालू करून ऑइलचं झाकण उघडायचं आणि तिथून धूर फुसफुसतो का ते बघायचं. महाडात पूर येऊन गेला, त्या साली बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून, अत्तर मारून विकायला आल्या होत्या. तेव्हा त्यानं सीटखाली बोट घालून वाळलेला गाळ काढून दाखवला आणि निदान वीस घरं वाचवली. सगळ्यात शेवटी हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर निघे. टोक इंजिनाच्या ब्लॉकवर आणि मूठ कानाला. आत बेअरिंग ढिलं असलं, तर त्याची ठकठक त्या लोखंडातून वर येई. ती ठकठक ओळखणारा कान दोन तालुक्यांत एकच होता.

तो कान गेल्या वर्षी गेला.

आधी उजवा गेला, मग डावा. एकदम नाही, विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खाली जातं तसा. हैबतीनं हे कुणाला सांगितलं नाही. बायकोला, येसूबाईला, सांगायची गरजच नव्हती; घरातल्या टीव्हीवरच्या बातम्या आता चार घरं सोडून राहणारे धोंडू गुरवही ऐकत. पण धंद्यात काही बिघडलं नाही. हाताला कळायचं ते कळत होतं, डोळ्याला दिसायचं ते दिसत होतं. उलट त्याचं नाव वाढलं. विकणारा गाडीचं कितीही कौतुक करो, हैबतीच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलेना. एका दलालानं तर त्याच्या गप्प राहण्यानं कावरंबावरं होऊन आपणहून दोनदा किंमत उतरवली. पूर्वीचे हैबतीदादा निदान हूं तरी म्हणायचे, असं लोक आदरानं म्हणू लागले. तेही हैबतीला ऐकू आलं नाही.

स्क्रू ड्रायव्हर मात्र तो अजून कानाला लावी. तसा लावला नसता तर लोकांनी विचारलं असतं.

माघात वर डोंगरातल्या कुडपणची राहीबाई आली. ही बाई पन्नाशीची. नवरा मुंबईत टॅक्सी चालवायचा. त्यानं हौसेनं हिला गाडी शिकवली आणि लायसन काढून दिलं. तो गेल्यावर ती कुडपणला परतली. वर एस.टी. येते ती आपल्या मर्जीनं. वाडीतल्या बायकांचा नाचणी-वरीचा माल खाली न्यायला आणि आजारी माणूस दवाखान्यात पोचवायला एक जीप घ्यायची, असं तिनं ठरवलं होतं. चालवणार तीच.

महाडला हायवेच्या कडेला मालोजी नावाच्या माणसाचं जुन्या गाड्यांचं आवार होतं. तिथली एक पंधरा वर्षांची जीप तिला पसंत पडली होती. हैबतीनं नेहमीप्रमाणे सगळं केलं. बॉनेट गार, ऑइल बरं, गाळ नाही, धूर बेताचा. मग त्यानं स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले आणि आतली शांतता नीट ऐकून घेतली.

राहीबाईनं विचारलं, "दादानू, आमचा चढ चढंल का?"

"चहा नको," हैबती म्हणाला. "आत्ताच झाला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. हैबतीनं हात पुसले आणि म्हणाला, "घ्या."

तिनं जीप घेतली.

बाराव्या दिवशी कुडपणच्या चढाला, तिसऱ्या वळणावर, इंजिनात एक दणका झाला. आतला रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला. जीपमध्ये चार बायका आणि एक शेळी होती. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. राहीबाईनं ब्रेक दाबून धरला, बायकांनी चाकांमागे दगड लावले, आणि सगळं ऑइल रस्त्यावर सांडलं.

ही बातमी येसूबाईच्या फोनवर आली. हैबती पोलादपूरला घरामागच्या परड्यात वालाच्या शेंगा तोडत होता.

"अवो, कुडपणच्या बायची जीप फुटली!"

"कोन उठली?"

"जीप! इंजिन फुटलंय तिचं!"

तिसऱ्या वेळेला येसूबाईनं त्याचा कान धरून त्यात ओरडून सांगितलं. तोवर सगळ्या वाडीला कळलं होतं. सगळ्यात शेवटी हैबतीला.

तो शेंगांची टोपली खाली ठेवून पायरीवर बसला. रॉड तुटतो म्हणजे त्याआधी बेअरिंग कितीतरी दिवस ठोकत असतं. ज्याला ऐकू येतं त्याला ते ऐकू येतं. चार बायका होत्या आत. वळणाच्या खाली किती खोल दरी आहे, हे त्याला माहीत होतं. दुपारी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी मिळेल त्या गाडीनं आणि पुढं चालत तो त्या वळणावर गेला. जीप तशीच उभी होती. राहीबाई आत बसून नाचणी निवडत होती. गाडीत काही चोरण्यासारखं नव्हतं, पण ती गाडी तिची होती.

हैबतीनं आधी वाकून फुटलेला ब्लॉक बघितला. मग सरळ उभा राहिला आणि जे बोलायला वर्ष लागलं होतं ते बोलला.

"राहीबाय, मला आयकू येत नाय. वरीस झालं."

राहीबाई सूप घेऊन खाली उतरली, त्याच्या तोंडासमोर उभी राहिली आणि प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाली, "मालूम हाय मला. मी चढाचं इचारलं तर तुमी चहाचं सांगितलंव."

"मंग घेतलीस कशाला गो?"

"मला वाटलं, मानसांचं आयकू येत नसंल, इंजिनाचं येत असंल."

हैबती खाली बघत म्हणाला, "चूक माझी हाय. इंजिन मी शोधतो. पैसं माझं, बसवनार पन मीच."

"आनि ते बरं हाय का वाईट, कोन आयकनार?"

हैबतीनं तिच्याकडे बघितलं.

"मी येतें संगती," राहीबाई म्हणाली. "माझं कान टकाटक हायेत."

मालोजीनं त्यांना आवाराच्या दारातच गाठलं. तो शहरी माणूस, सफाईनं बोलला. "हैबतीदादा, वाईट झालं. पण 'घ्या' तुम्हीच म्हणालात. मी तर काही बोललोच नव्हतो."

मालोजी त्या दिवशी पाऊण तास बोलला होता. पण मुद्दा खरा होता. राहीबाईनं तोंडासमोर येऊन तो सांगितल्यावर हैबतीनं मान हलवली आणि सुटी इंजिनं कुठं आहेत ते विचारलं.

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या जातीची तीन इंजिनं होती, जुन्या टायरांवर बसवलेली. त्यातलं एक हैबतीनं ऑइल बघूनच बाद केलं. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं, म्हणजे आत पाणी शिरलेलं. राहिली दोन. पहिल्याला बॅटरीच्या वायरी जोडल्या, डिझेलचा कॅन नळीनं जोडला आणि चालू केलं. सायलेन्सर नसलेलं इंजिन ते. शेडचे पत्रे थरथरले. मालोजीनं कानांवर हात घेतले, पलीकडच्या वेल्डिंगवाल्यानं शिवी दिली. हैबती एकटाच सुखात उभा होता.

बंद केल्यावर त्यानं राहीबाईला तोंडासमोर उभं करून विचारलं, "कसा हाय आवाज?"

"मोठा हाय."

"तसं नाय गो. आत कसा?"

राहीबाईनं विचार केला. "आमच्याकडं भात कांडायचं ना, तसा. पन एक बाय दमलेली. बाकीच्या बरोबर मारतायत, ही मागं पडतेय."

हैबतीनं आयुष्यात पुष्कळ मेकॅनिकांकडून पुष्कळ वर्णनं ऐकली होती. इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. पण नुसत्या सांगण्यावर एक इंजिन सोडून दुसरं घ्यायची आणि पुन्हा चार बायकांना चढावर पाठवायची त्याची तयारी नव्हती. कुठली बाई दमलीय ते कळायला पाहिजे होतं.

त्यानं इंजिन पुन्हा चालू करायला लावलं. एका हातानं तो डिझेल वाढवायचा दांडा कमी-जास्त करू लागला. तेवढ्यात कॅन हिसक्यानं कलंडायला लागला, म्हणून दुसऱ्या हातानं तो धरला. स्क्रू ड्रायव्हर ठेवायला जागा नव्हती. गॅरेजातल्या जुन्या सवयीनं त्यानं मूठ दातांत धरली आणि नळी बघायला वाकला. वाकताना टोक ब्लॉकला टेकलं.

आणि त्याच्या डोक्यात इंजिन सुरू झालं.

कानात नव्हे, कवटीत, जबड्यात, कपाळात. वर्षभरात त्यानं एवढं काही ऐकलं नव्हतं. पंपाची किरकिर, टॅपेटची टिकटिक, वेगवेगळी, ओळखीची. तो हललाच नाही. दात तसेच आवळून, वाकलेल्या अंगानं तो उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

मालोजी ओरडला, "अहो, शॉक लागला त्यांना! वायर काढा!"

राहीबाईनं वायर काढू दिली नाही. ती हैबतीचा चेहरा बघत होती. शॉक लागलेला माणूस असा दिसत नाही, एवढं तिला कळत होतं.

हैबतीनं टोक पहिल्या सिलिंडरपाशी नेलं, मग दुसऱ्यापाशी, मग तिसऱ्यापाशी. तिथं ती होती. दमलेली बाई. ठक, आणि मग जराशानं पुन्हा ठक.

त्यानं दात सोडले. "भंगार," तो म्हणाला.

दुसरं इंजिन त्यानं तीनदा गार करून, तीनदा चालू करून दातांनी ऐकलं. त्यात संध्याकाळ झाली. मालोजीनं मधे दोनदा चहा मागवला. राहीबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "समद्या बाया बरोबर कांडतायत." हैबतीनं "घ्या" म्हटलं आणि मग लक्षात आलं, की घेणारा आपणच आहे. मालोजीनं फुटलेलं इंजिन भंगाराच्या भावानं परत घेतलं आणि ह्या सगळ्याची बाहेर कुठं वाच्यता करणार नाही म्हणाला. दोन दिवसांत ते वरंध घाटापर्यंत सगळ्यांना कळलं.

येसूबाईनं त्याला महाडच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, कानाची शीर शाबूत आहे, आतलं बारकं हाड अडकलंय, म्हणून हवेतला आवाज पोचत नाही आणि हाडातून जातो. ऑपरेशन करता येईल. हैबतीनं विचार करतो म्हणून सांगितलं. येसूबाईनं तारीख घेऊन टाकली.

जीप पोलादपूरला ओढून आणली आणि सहा दिवस हैबती तिच्याखाली होता. राहीबाई रोज भाकरी घेऊन येई. इंजिनाचा नंबर बदलला म्हणून पेणला आर.टी.ओ.त कागद करायलाही तोच गेला. सातव्या दिवशी राहीबाई स्टिअरिंगवर बसली आणि हैबती शेजारी. मागं कुणी बसायचं नाही, असं त्यानं सांगितलं होतं. मागं नाचणीची पोती भरली.

सगळ्या चढावर राहीबाई बोलत होती. नवऱ्याचं, टॅक्सीचं, दादरच्या पुलाचं. हैबतीनं स्क्रू ड्रायव्हरची मूठ दातांत आणि टोक डॅशबोर्डखालच्या लोखंडाला लावलं होतं, त्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं, आणि तिचं ऐकू येत नव्हतं. दोघांचंही छान चाललं होतं. तिसऱ्या वळणावर ती गप्प झाली. वळण गेल्यावर पुन्हा बोलायला लागली.

कुडपणला पोचल्यावर बायका जमल्या. त्या चारही जणी आल्या होत्या. हैबतीनं त्यांना नमस्कार केला, काय बोलायचं ते त्यानं वाटेत ठरवलं होतं, पण त्यातली एक आधीच पुढं होऊन म्हणाली, "शेळी बरी हाय." त्याला ते ऐकू आलं नाही. राहीबाईनं तोंडासमोर येऊन सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

जेवण झालं तोवर खाली जायची एस.टी. निघून गेली होती. म्हणून राहीबाईनंच त्याला परत पोलादपूरला सोडलं, आणि इंजिनाची उतारावरची तपासणीही त्यात होऊन गेली.