एकट्यानं चढायची शिडी

विपुल सरांचं हाड मोडावं अशी प्रियदर्शनीची मनापासून इच्छा होती. मान नको, मणका नको, मांडीचं एखादं हाड पुरे. तेवढी माणुसकी तिनं शिल्लक ठेवली होती.

अकोल्याच्या ज्या कॉलेजात ती आता शिकवत होती, तिथं पाहुण्यांना बोलवायचं काम तिच्याचकडे होतं. ‘डिझायनरची सामाजिक जबाबदारी’ हा विषयही तिनंच ठरवला. सरांनी फोनवर लगेच होकार दिला. असल्या विषयावर बोलायला त्यांना तयारी कधीच लागत नसे.

अमरावतीला डिझाइन शिकताना ती त्यांची विद्यार्थिनी होती. त्यांच्या वर्गाच्या भिंती पिवळ्या-गुलाबी चिठ्ठ्यांनी भरलेल्या असत. आधी वापरणाऱ्याच्या जागी उभे राहा, मग पेन्सिल हातात घ्या, असं ते घसा फोडून सांगत. स्वतः मात्र शेंदूरजनाघाटच्या बागेत एकदाच गेले, संत्री खाल्ली, फोटो काढले आणि परत येऊन एक शिडी बनवली. ॲल्युमिनियमची, हलकी, तीन पायांची. बांबूची शिडी झाडाला टेकवली की खाली धरायला एक माणूस लागतो. हिला लागत नाही, म्हणजे बागवाल्याची एक मजुरी वाचते. शिडीला दिल्लीत बक्षीस मिळालं, सरांना शाल मिळाली.

प्रियदर्शनीचे आईवडील त्याच बागांमध्ये तोडीला जात. देवराव वर चढून संत्री तोडायचे, केशरबाई खाली शिडी धरायच्या. पंचवीस वर्षं असंच चाललं होतं. नवी शिडी आली आणि केशरबाईंना बागवाल्यानं घरी बसवलं. पुढच्याच तोडीला, आदल्या दिवशी बागेला पाणी दिलेलं असताना, शिडीचा मागचा पाय काळ्या मातीत रुतला आणि देवराव दहा फुटांवरून खाली आले. खुब्यात सळई बसली. तेव्हापासून काठीवाचून त्यांना अंगणसुद्धा ओलांडता येईना.

“मी सरांना सांगितलं होतं बाबा, त्यांनी ऐकलंच नाही,” असं तिनं दवाखान्यात त्यांना सांगितलं होतं.

ते साफ खोटं होतं. दहा मजुरांनी ओल्या जमिनीवर आठ-आठ तास शिडी वापरून पाहिली, असा अहवाल सरांनी तिच्यापुढे ठेवला होता. कॉलेजच्या फरशीवर दोनदा चढून उतरलेल्या प्रियदर्शनीनं त्याच्यावर चाचणी घेणारी म्हणून सही केली होती. काळ्या मातीत वाढलेली पोर ती, ओल्या रानात काय होतं हे तिला कुणी शिकवायला हवं होतं का? पण शेवटचं वर्ष होतं आणि नोकरीचं शिफारसपत्र सरांच्या हातात होतं. देवरावांना या सहीचा पत्ता नव्हता आणि तो कधी लागू नये म्हणून ती जिवाचा आटापिटा करत आली होती. सरांचा राग करणं त्यामानानं सोपं होतं. तो तिनं चार वर्षं पोटच्या पोरासारखा सांभाळला.

सरांचं व्याख्यान कसं संपतं हे तिला पाठ होतं. ते सोबत आणलेल्या त्याच शिडीवर चढत आणि शेवटचं वाक्य वरून बोलत. म्हणून तिनं कार्यक्रम सभागृहात न ठेवता मागच्या पटांगणात ठेवला आणि शिडीच्या जागेला आदल्या दिवशी तास-दीड तास पाइपनं पाणी पाजलं. देवरावांना तिनं सत्काराचं निमित्त सांगून आणलं, ‘हे माझे बाबा’ अशी सरांशी ओळख करून दिली आणि पहिल्या रांगेत बसवलं. ते बघायला असल्याशिवाय तिला मजा येणार नव्हती.

शिडीपाशी आल्यावर सर थबकले. “इथे ओल आहे थोडी.”

“बाग ओलिताचीच असते ना सर,” ती माइकवरून गोड आवाजात म्हणाली. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आता माघार घ्यायची कशी?

सर चढले. सहाव्या पायरीवर त्यांनी हात पसरले आणि मागचा पाय रुतायला लागला. शिडी कलली. प्रियदर्शनीनं श्वास रोखला. तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

तेवढ्यात काठी टाकून देवराव लंगडत पुढे धावले आणि त्यांनी शिडी दोन्ही हातांनी गच्च धरली. प्रियदर्शनी संतापली. बाबांना हे कुणी सांगितलं होतं?

“मी उतरतो,” सर वरून म्हणाले. कॉलरला लावलेल्या माइकमुळे त्यांची धाप सगळ्या पटांगणाला ऐकू येत होती.

“उतरू नका,” देवराव म्हणाले. “मी हात काढला तं तुमी पडता. मले फक्त एक सांगा. हे शिडी तुमी कुठी तपासली होती?”

“कॉलेजात.”

“मातीवर का फरशीवर?”

सरांनी खाली पाहिलं. “फरशीवर.”

प्रियदर्शनीला हवं होतं त्याहून जास्त मिळालं होतं. तिथंच थांबलं असतं तर किती बरं झालं असतं.

“आन कागदावर काय लिवलं होतं?”

“कागदावर ओली जमीन लिहिली होती! पण सही माझी नाही. सही तुमच्या मुलीची आहे. विचारा तिला!”

देवरावांनी शिडी न सोडता मान वळवली. “खरं हाय काय, पोरी?”

नाही म्हणता आलं असतं. सरांना खोटारडे ठरवायला त्या घडीला सगळं पटांगण तयार होतं. पण बाबांच्या खुब्यावर सगळा भार आला होता आणि तरी त्यांनी शिडी सोडली नव्हती.

“हो बाबा,” ती म्हणाली.

त्यांनी सरांना एकेक पायरी सांभाळून खाली उतरवलं. सर मान खाली घालून खुर्चीकडे गेले, पण त्यांच्याकडे आता कुणाचंच लक्ष नव्हतं.

देवराव शिडीपाशीच उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात पँटला पुसले आणि खाली सोडले.

“आता तू चढ,” ते म्हणाले.

तिनं चपला काढल्या आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. चौथ्या पायरीवर शिडी मागे कलायला लागली, तरी खाली बाबांचे हात आहेत की नाहीत, हे बघायची तिची हिंमत झाली नाही.