सावळ्या योसेफाचा चेहरा

चित्र भिंतीवर चढलं त्या दिवसापासून रंगबाईंचा पाय घरात ठरेना.

पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवल्यामुळे सगळे त्यांना रंगबाईच म्हणत. चर्चसाठी संत योसेफाचं चित्र काढाल का, असं फादरनी विचारलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "कॅलेंडरवरून उतरवणार नाही. योसेफ सुतार होता ना? मग सुतार बघूनच काढीन."

चौकट करायला आलेला सुतार समोरच होता. रंगाने काळासावळा, खांदे रुंद, नाक मधोमध मोडलेलं, कानामागे पेन्सिल. तीन आठवडे तो रोज तासभर बसला आणि पेन्सिलीसकट चित्रात उतरला.

कमिटीत खडाजंगी झाली. अध्यक्ष म्हणाले, "बाई, आमचा योसेफ लहानपणापासून गोरा, घाऱ्या डोळ्यांचा. ह्याला बघून हात जोडायचे, की बिजागरी बसवायला सांगायची?"

"तो गोरा तरी कुणी डोळ्यांनी पाहून काढला होता?" रंगबाईंनी विचारलं.

फादरनी जुन्या पुस्तकातली तीन पानं टेबलावर मांडली. एका पानावर येशूची आई मरिया बारीक डोळ्यांची, दुसऱ्यावर कोळशासारखी काळी, आखूड कुरळ्या केसांची, तिसऱ्यावर सोनेरी केसांची, गुलाबी. "ज्याने त्याने आपल्या गल्लीतलीच बाई काढली," ते म्हणाले. "आपण मात्र दुसऱ्याच्या गल्लीतली आणून टांगली आणि तीच खरी धरून बसलो."

अध्यक्ष कुरकुरले, पण चित्र लागलं. एक म्हातारी तर म्हणाली, "ह्याच्याशी बोलताना भीड वाटत नाही."

लढाई जिंकूनही रंगबाईंना चैन नव्हतं. धुतलेले ब्रश पुन्हा धुवायच्या, चहा ओतून ठेवायच्या आणि प्यायला विसरायच्या. दिवसातून दोनदा चर्चमध्ये चक्कर. नाक बरोबर होतं, कपाळ बरोबर होतं. मग खटकत काय होतं?

मंगळवारी दुपारी सुताराची बायको दारात आली. बस म्हटलं तरी बसेना.

"बाई, त्यांचा चेहरा पुसा."

"तुलाही काळा योसेफ नको का गं?"

"काळ्याचं काय? मी कुठे गोरी आहे? माझे वडील तर काळे कुळकुळीत होते." ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. "रविवारी सगळे ह्यांच्यापुढे गुडघे टेकतात. मीही टेकते. आणि घरी आल्यावर..." तिने बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत हात काळानिळा होता. "आता म्हणतात, मी संत आहे, जा, विचार फादरना. मी रडू कुणापुढे, बाई? तिथेही हेच."

रंगबाईंनी तिची बाही हळूच खाली केली. 'नीट बघा, मग काढा,' असं जन्मभर पोरांना सांगितलं होतं. तीन आठवडे हा माणूस हातभर अंतरावर होता, आणि त्यांनी फक्त नाक बघितलं होतं.

"आत्ताच्या आत्ता माझ्याकडे राहायला ये."

"बहिणीशी बोललेय. आज तिच्याकडेच चाललेय. पण एवढं करा."

"वडील कसे होते दिसायला?" रंगबाईंनी विचारलं.

ती पहिल्यांदा थोडी हसली. "हमाल होते. नाक पसरट. हसले की एकाच गालाला खळी. रागावले की बाहेर जाऊन अंगण झाडायचे. आम्ही म्हणायचो, आज अंगण स्वच्छ दिसतंय, जपून राहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगबाईंनी चर्चमध्ये शिडी लावली.

"अध्यक्षांनी गाठलं वाटतं?" फादरनी विचारलं.

"रंग तोच राहणार. माणूस चुकला."

फादरनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मलाही दिसायला हवं होतं." आणि त्यांनी शिडी धरली.

तीन दिवस सुताराची बायको बाकावर बसून वडिलांचा चेहरा सांगत होती आणि रंगबाई रंगवत होत्या. "गाल आणखी आत. डोळे एवढे मोठे नव्हते." शुक्रवारी ती उठून चित्रापुढे गेली आणि म्हणाली, "हेच." रंगबाईंनी ब्रश खाली ठेवला.

रविवारी प्रार्थना सुरू असतानाच सुतार चित्रापुढे जाऊन उभा राहिला. मान वर करून बघतच राहिला.

"हा तर माझा सासरा," तो मोठ्याने म्हणाला. माना वळल्या. त्याने रंगबाईंकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे, आणि ताडताड बाहेर निघून गेला.

कुठे गेला असेल? फादर वेदीवरून उतरून त्याच्या मागे धावले. रंगबाईंना वाट बघवेना. मागच्या दाराने निघून त्या धापा टाकत सुताराच्या बायकोच्या बहिणीच्या घरी पोचल्या. दार बंद होतं. आत दोघी बहिणी बोलत होत्या. सुतार तिथे नव्हता, अजून तरी.

त्यांनी दार वाजवलं.

"कोण?"

"मी, रंगबाई. आहात ना दोघी ठीक?"

"हो. उघडते."

"नको, कडी राहू दे," त्या म्हणाल्या आणि दाराला पाठ लावून गल्लीच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.